डावा फर्मा

आपल्या कात्रीखालून गेलेलं कापड आपण हजारांच्या गर्दीत ओळखू, मग ते कुणाच्या अंगावर असो, दोरीवर असो, नाहीतर कुणाच्या घरी फरशी पुसायला लागलेलं असो, असं ती छातीठोकपणे सांगायची. सांगायची म्हणजे, कुणी न विचारता सांगायची. शिवणमंडळातल्या बायका तिला कात्री म्हणत, ते काही नुसतं कापड कापण्यावरून नव्हे. आणि त्या सकाळी कामावर निघालेली हीच कात्री एका माणसाच्या मागे पुलाच्या तोंडापासून भाजीबाजार ओलांडून थेट दवाखान्याच्या कोपऱ्यापर्यंत धावत गेली. मध्येच चपलेचा अंगठा तुटला, म्हणून चप्पल हातात. एवढा वेळ तो शर्ट नाकासमोर चालला होता, पण आपणच कापलाय हे काही तिच्या ध्यानात आलं नाही. तिला वाटलं, हे चाललेत.

तोंड दिसलं नव्हतं. दिसला होता तो खांदा. पुलावर माणसं दाटीवाटीनं चालली होती, आणि त्या सगळ्या सरळ खांद्यांच्या ओळीत एक डावा खांदा बोटभर खाली होता. आयुष्यभर गॅसचे सिलिंडर वाहिलेल्या माणसाचा खांदा. उजव्या हाताला दाराची बेल वाजवायची असते, घाम पुसायचा असतो, कुत्र्याला हाड् म्हणायचं असतं, म्हणून ओझं कायम डावीकडे. लग्नात बाशिंगाखाली ती खाली मान घालून बसली होती तेव्हासुद्धा तिला नवऱ्याचा चेहरा आधी दिसला नाही, खांदा दिसला. आणि हा माणूस सारखा कुणाचं तरी चोरून ऐकतोय असं वाटलं. "डावा खांदा गॅसचा, उजवा तुझा," असं हे म्हणायचे. म्हणायचे, की म्हणतात? इथं तिची जीभ नेहमी अडखळायची. तयार शर्ट ह्यांना कधी बसले नाहीत. कॉलर एका बाजूला पळायची, बटणांची पट्टी वाकडी व्हायची, घाईघाईत खिळ्याला अडकवल्यासारखे दिसायचे. म्हणून ह्यांचे शर्ट ती घरीच कापायची, डाव्या खांद्याला उतार जास्त द्यायची, आणि मग तो वाकडा माणूस त्या वाकड्या शर्टात सरळ दिसायचा. सणाला-समारंभाला बायका विचारायच्या, काय गं, नवरा उंच झाला का?

आणि पुलावरच्या त्या माणसाचा शर्ट त्या खांद्यावर कसा बसला होता! उतार बरोबर, शिवण कुठं ओढलेली नाही. पळता पळता तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की शिवला कुणी? म्हणजे कुणीतरी आहे. कुठल्यातरी खोलीत बसून कुठल्यातरी बाईनं ह्यांच्या खांद्यावर बोट ठेवून खडूची रेघ ओढलीय, इथं एवढं सोडायचं म्हणून. गडबडीच्या दिवसांत हे सिलिंडर घेऊन गेले ते गेले, आणि इकडं आपण पोलीस चौकी, दवाखाना, शवागार असं एकेक दार पालथं घातलं, आणि हे त्या बाईकडं माप देत उभे होते. तिला आधी संताप आला. मग भाजीबाजारात कोथिंबिरीच्या पाटीला पाय लागला, पाटीवालीनं तिच्या सात पिढ्या काढल्या, आणि तेवढ्यात संताप कुठं गेला कळलं नाही. असू दे, बाई तर बाई. हात बरा आहे तिचा. जेवायला घालत असेल. आपण म्हणू, बसा हो दोघं, चहा करते. पुढं काय म्हणायचं ते तिनं ठरवलंसुद्धा, सासूबाईंना कसं सांगायचं, झोपायची व्यवस्था कशी करायची. एका खोलीचं घर. सासूबाई भिंतीकडं, ती बाई मध्ये, आणि आपण दाराशी. तिनं चप्पल तुटलेल्या पायानं एवढा संसार मांडला आणि दवाखान्याच्या कोपऱ्यावर सिग्नल लाल झाला, तसा तो माणूस थांबला. ती अगदी मागे पोचली. आणि तिथं, पाठीच्या मधोमध, कॉलरपासून खालपर्यंत सरळ उतरलेली शिवण तिला दिसली.

शर्टाच्या पाठीत मधोमध शिवण जगात कुणी घालत नाही. ती मंडळानं घातली होती, कारण मंडळाला दान मिळालेली कापडाची दोन ठाणं अरुंद पन्ह्याची निघाली. रंग दोघांचा एकच आकाशी, पण गिरण्या वेगळ्या. मंडळ चालवणाऱ्या ताईंनी डोकं चालवलं: डावी बाजू एका ठाणातून, उजवी दुसऱ्यातून, म्हणजे दोन्ही ठाणं सारखी संपतील. कापायच्या आधी कापड भिजवून वाळवून घ्या, दोन ठाणं सारखी आटायची नाहीत, असं कात्री म्हणाली होती. ताई म्हणाल्या, वेळ कुठाय?

तो माणूस वळला. चांगला गुबगुबीत, मिशीवाला, बँकेत वगैरे असावा. खांदे ताठ, सरळ, दोन्ही एका रेषेत. वाकडा होता तो शर्ट. "काय हवंय बाई?" त्यानं विचारलं. तिच्या एका हातात चप्पल होती, त्यामुळे तो थोडा मागे सरकलाही.

"शर्ट कुठं घेतला, विचारायचं होतं."

"हा? घातल्यापासून बायको म्हणतेय, सरळ उभे राहा." तो हसला. "तिकडे मंडईमागं फूटपाथवर ढीग लावलाय. घेऊन टाका एक तुमच्या मिस्टरांना."

"ह्यांना अगदी बसेल," ती म्हणाली.

तिथून मंडळापर्यंत ती एका पायानं अनवाणी चालत गेली आणि तिला दिसायला लागले. आधी दिसले नव्हते, की बघितलेच नव्हते, कोण जाणे. चहाच्या टपरीवर बशीत फुंकर मारणारा एक. बसच्या खिडकीत डोकं टेकून झोपलेला एक. पोरीला शाळेत सोडायला निघालेला एक, त्याच्या डाव्या खांद्याला पोरीचं दप्तर, त्याचं निदान समजण्यासारखं होतं. आकाशी, आकाशी, आकाशी. अर्धं शहर डावीकडं कललं होतं. एका माणसाला शोधायला तिनं एवढी दारं वाजवली तेव्हा तो एकाही ठिकाणी सापडला नाही, आणि आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी, टपरीवर, बसमध्ये, पाठमोरा, पाठमोरा. तिला हसू यायला हवं होतं. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर तिनं ती मंडळात जाऊन रंगवून सांगितली असती, हातवारे करून, प्रत्येकाच्या चालीची नक्कल करून. पण पाय दुखत होता, आणि नुसतं दमायला होत होतं. दुःखाचं एक बरं असतं, ते अंगावर येतं आणि जातं. हे दमणं काही कुठं जात नव्हतं. गडबडीनंतर सगळं शहरच असं दमलेलं होतं. कुणी कुणाला मारलं आणि का मारलं, याची दोन्ही बाजूंनी उत्तरं तयार होती, जळलेली दुकानं पुन्हा रंगवून झाली होती, आणि जे झालं त्याला सगळे मिळून गडबड म्हणत. म्हणजे जणू लग्नाच्या पंगतीत कुणाचं तरी ताट वाढायचं राहून गेलं.

हे गेले त्या दुपारी पलीकडच्या वस्तीत एका घरी सिलिंडर द्यायचा होता. कर्फ्यू लागेल म्हणत होते, पण ह्यांचं म्हणणं, गॅस संपला तर माणसं भांडत बसतील का जेवतील? संध्याकाळी हे आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सिलिंडर सापडला. नाल्याच्या कडेला सरळ उभा होता, भरलेला, सील न तुटलेला, कुणीतरी नीट उतरवून ठेवावा तसा. एजन्सीची माणसं आली आणि ओळख पटवून घेऊन गेली. सिलिंडरवर नंबर असतो. त्याचा पंचनामा झाला, पोच झाली, तो त्याच्या घरी गेला. माणसावर नंबर नसतो.

मंडळ विधवांचं होतं. गडबडीत ज्यांचे नवरे गेले त्यांना काम मिळावं म्हणून ताईंनी काढलेलं. ताई म्हणजे मनानं चांगली बाई, फार शिकलेली, आणि जगातली कुठलीही गोष्ट कापडाची करता येते अशी तिची श्रद्धा. आधी मंडळानं कापडी हत्ती केले. सोंड आणि शेपटी यांचे गठ्ठे उलटसुलट झाले आणि सगळे हत्ती मागे बघणारे निघाले. तेही खपले, घेणाऱ्यांना वाटलं त्यात काही अर्थ असेल. मग पिशव्या. मग मोठ्या दुकानाची पुरुषांच्या शर्टांची ऑर्डर आली. कात्री या मंडळात शिरली तेव्हा प्रश्न उभा राहिला होता, की ही विधवा आहे का? मेल्याचा दाखला नाही, जिवंत असल्याचा पुरावा नाही. ताईंनी बराच विचार करून तिला तात्पुरती म्हणून घेतलं. नोकरीत असतात तशी, तात्पुरती विधवा. कायम व्हायला काय करावं लागतं, हे कुणी बोललं नाही. बटणं लावणारी, जिच्या जिभेला सगळं मंडळ वचकून होतं, तेवढी एकदा बोलली. तिचा नवरा घराच्या दारात, तिच्या डोळ्यांसमोर गेला होता, त्यामुळे तिला कशाचीच भीती उरली नव्हती. "तुझं एक बघते मी," ती सुईत दोरा ओवत म्हणाली, "आम्हा सगळ्यांचे 'ते' झाले. तू अजून 'हे' म्हणतेस. शाळेत शिकवलं नाही का गं? हे म्हणजे जवळचं, ते म्हणजे लांबचं. हे म्हणायचं तर बोट दाखव, कुठायत." बायका हसल्या, आणि कात्री सगळ्यांत जोरात हसली. पण घरी जाताना तिनं सगळ्या रस्त्यानं 'ते' म्हणून बघितलं. ते म्हणायचे. ते जेवायचे. जीभ ते म्हणायला तयार होती, पण म्हटल्याबरोबर कुणीतरी दार लोटून घेतल्यासारखं वाटायचं, आणि लोटणारा हात आपलाच.

शर्टांची ऑर्डर आली तेव्हा ताई सगळ्यांना म्हणाल्या, नमुन्याला घरून एखादा पुरुषाचा शर्ट आणा. एक म्हणाली, दिले वाटून. दुसरी म्हणाली, उंदरांनी खाल्ले. इस्त्रीवाली म्हणाली, आमच्यात ठेवत नाहीत. प्रत्येकीच्या ट्रंकेत तळाशी एकेक घडी होती आणि प्रत्येकीला दुसरीची घडी ठाऊक होती. कात्रीकडंही एक होता. त्याला अजून गॅसचा आणि घामाचा मिळून वास होता, किंवा तसा असल्याचं तिनं ठरवलं होतं, आणि तो सारखा उघडला तर उडून जाईल म्हणून ती ट्रंक उघडत नसे. तेव्हा ती पुढं झाली आणि म्हणाली, नमुना कशाला पाहिजे? पुरुषाचं माप माझ्या हातात आहे. पुठ्ठा मागवला, पट्टी घेतली, आणि शर्टाचे फर्मे कापले. डाव्या बाजूचा वेगळा, उजव्या बाजूचा वेगळा. इस्त्रीवालीनं विचारलंही, दोन कशाला, एकच पालथा घातला की झाली दुसरी बाजू. कात्री म्हणाली, माझी पद्धत आहे. आणि खरंच तिला तेव्हा काही कळलं नव्हतं. हातानं नेहमीसारखी रेघ ओढली होती, डावीकडं बोटभर जास्त. शर्ट घडी होऊन पिशवीत गेले, घडीत खांदा कळत नाही. दुकानात आरशासमोर कळला. गिऱ्हाइकं म्हणे आधी आरसा सरळ करायची, मग स्वतःला, मग शर्ट काढून ठेवायची. गठ्ठे परत आले. ताईंनी ते फूटपाथवाल्याला देऊन टाकले आणि कात्रीला काहीच बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

आज त्या बोलणार होत्या. कात्री चप्पल हातात घेऊन शिरली तेव्हा कापायच्या टेबलावर दोन्ही फर्मे शेजारी शेजारी मांडलेले होते. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्यामुळं जोरात कात्री चालली की टेबल डुलायचं, आणि आता ताईंनी हात टेकला तसं ते डुललं. दुकान एक संधी द्यायला तयार आहे, असं ताईंनी सांगितलं, ठाण आलंय, आजच कापायचंय, आणि या वेळी चुकलं तर मंडळाला कुलूप, मग या सगळ्या जाणार कुठं. हे सगळं त्या खिडकीकडं बघून बोलल्या. मग फर्म्याकडं बघून म्हणाल्या, "हा डावा काढून टाक. उजवाच पालथा करून वापर. तुला जमणार नसेल तर सांग, कात्री मी दुसऱ्या कुणाला देते. रागावून नाही म्हणत."

"ताई, पुठ्ठा चांगला आहे अजून."

"पुठ्ठ्याचं नाही म्हणत मी."

खांदा कुणाचा, हे त्यांनाही ठाऊक होतं तर. बटणवालीनं वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं, आणि एवढं आयतं तोंडात आलेलं तिनं गिळलं, ते तिच्या गळ्यात हललेलं दिसलं. कात्रीनं डावा फर्मा हातात घेतला. कडा खडूनं पांढऱ्या झालेल्या. खांद्याच्या रेघेवर अंगठा ठेवला तर अंगठा आपोआप खाली घसरत होता. याच उतारावरून घसरत घसरत ती कितीदा झोपेत जायची. नाही, ते उजवीकडं. उजवा तुझा. डाव्याला हात लावला तर हे कळवळायचे, तिथं गाठ होती, चोळून दे म्हणायचे आणि चोळलं की ओरडायचे. हा पुठ्ठा खाली ठेवला तर कुठं काय मरणार होतं? आणि कापली असती डावी बाजू तशीच वाकडी, तर कुठं कोण येणार होतं? शहरभर फिरताहेत की, एकही घरी येत नाही. तिला एवढंच कळत होतं की या खोलीत सगळ्या जणी काम थांबवून तिच्याकडं न बघता तिच्याकडं बघताहेत, आणि प्रत्येकीच्या घरी चूल आहे.

"ते थोडे वाकडेच होते," ती म्हणाली. "चालायचंच."

मग इस्त्रीवालीनं इस्त्रीवर पाणी मारलं आणि चर्र आवाज झाला. कात्रीनं उजवा फर्मा ठाणावर ठेवला, कडेनं खडू फिरवला, पालथा केला, पुन्हा खडू फिरवला. दोन खांदे, एकाच उताराचे, कुणाचेही. टेबल डुललं आणि रेघ हलली. थांब, म्हणून ताईंनी खाली वाकून बघितलं, इकडंतिकडं काही मिळेना, तेव्हा बाजूला पडलेला डावा फर्मा त्यांनी उचलला, दुमडला, पुन्हा दुमडला आणि टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवला. टेबल दाबून बघितलं. "हे बघ, हेही सरळ झालं," त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरंच बरं वाटलं. दिवसभर कात्री त्या पक्क्या, न हलणाऱ्या टेबलावर कापत राहिली. शर्ट उत्तम निघाले. बटणवालीनं संध्याकाळी जाताना तिच्या तुटलेल्या चपलेला जाड दोऱ्यानं टाके घालून दिले आणि म्हणाली, नीट जा गं. मग दारातून मागे वळून, जिभेला आवरेना म्हणून, म्हणाली, "पहिल्यांदा 'ते' म्हटलं की जेवण जात नाही. खा तरी."

घरी सासूबाई दारात बसल्या होत्या, फार खुशीत. त्यांना डोळ्यांनी कमी दिसायचं पण बाजाराचं वेड सुटलं नव्हतं. दुपारी मंडईमागं गेल्या होत्या. तिथं दोरीवर शर्ट टांगले होते, त्यांतल्या एकापाशी त्यांचे पाय थांबले. डोळ्यांना काही दिसेना, पण हातानं चाचपून बघितलं, एक खांदा खाली, डावाच. दुकानदाराला म्हणे त्यांनी विचारलं, कोण शिंपी आहे तुमचा, त्यानं माझ्या लेकाला बघितलंय. दुकानदार म्हणाला, आजी, माल खराब आहे, दुसरा घ्या. सासूबाई त्याच्यावरच उखडल्या. खराब कसा? तोच घेऊन आल्या. "नेमका त्याचाच खांदा गं. बघितल्याशिवाय असा कापता येतो का कुणाला? मला सांग, येतो का?"

कात्री चपला काढत होती. टाके घट्ट बसले होते, चप्पल निघेना. नाही येत, असं ती म्हणाली. हे खरं होतं, म्हणून तिला ते म्हणता आलं. शर्ट कुठाय, तिनं विचारलं, आणि विचारताना आवाज एवढा साधा आला की तिला स्वतःलाच नवल वाटलं. दिवसभर तिला वाटत होतं की आता कुठं काही उरलं नाही, एक फर्मा होता तो टेबलाच्या पायाखाली गेला. आणि घरात आयता येऊन बसलाय तो. ट्रंकेतला उघडायचा नाही, पण हा खुंटीवर लावता येईल. दारामागच्या खुंटीवर, हे लावायचे तिथं. सासूबाईंना काही सांगायचं नाही. त्यांनी हात लावावा, आपण येता-जाता बघावं. एवढं चालेल. एवढ्यानं मंडळाला कुलूप लागत नाही.

सासूबाई म्हणाल्या, बाजारचा कपडा, किती जणांचे हात लागलेले, तो आला की काय तसाच घालणार आहे का? म्हणून गरम पाण्यात भिजवून, चांगला आपटून धुतला आणि मागं दोरीवर वाळत टाकलाय. उन्हं चांगली होती, वाळला असेल.

कात्री मागे गेली. शर्ट वाळला होता. उजवीकडचं ठाण आटलं होतं, डावीकडचं नव्हतं. उजवा खांदा बोटभर खाली आला होता आणि दोन्ही खांदे एका रेषेत होते.